छापलेले तेवढे खरे?

आमच्या तिंट्यावर सकाळी पोदेराची सायकल आणि पेपरवाल्याची स्कूटर साधारण एकाच वेळी येतात. गरम पाव आणि गरम बातमी! चहाच्या दुकानातल्या बाकड्यावर एक निवृत्त मास्तर असतात. चाळीसेक वर्षे त्यांनी मुलांना शुद्धलेखन शिकवले, आणि अजूनही पेपर वाचताना खिशातल्या लाल पेनाने चुका काढतात. गेल्या पावसाळ्यात एका पोराने त्यांना फोन दाखवला, "मास्तर, फाल्यां शाळांना सुट्टी, हे पाहा परिपत्रक." मास्तरांनी फोनकडे बघितलेसुद्धा नाही. एकच प्रश्न विचारला, "पेपरार आयलां?" पोरगा गप्प. दुसऱ्या दिवशी शाळा भरली, परिपत्रक जुने निघाले, तारीख कुणीतरी बदललेली. मास्तर जिंकले.

त्या दिवसापासून बाकड्यावर एक सिद्धांत पक्का झाला आहे : छापलेले ते खरे, फोनवरचे ते खोटे. मला हा सिद्धांत मान्य नाही. मास्तरांसमोर बोलायची छाती होत नाही म्हणून इथे लिहितो. मित्रहो, हा वाद 'जुने चांगले की नवे चांगले' असा गुळमुळीत नाही. या सिद्धांताची किंमत काही माणसांनी पायांनी मोजली आहे. त्यातल्या एकाची गोष्ट आधी सांगतो.

नकाशात गोंदियाहून बालाघाटकडे जाणारा रस्ता पाहा. साधारण मध्यावर बाघ नदी आडवी येते. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे मध्य प्रदेश, आणि पलीकडच्या काठाशी राजेगाव. १९५६ पर्यंत या रेषेला फारसा अर्थ नव्हता. दोन्ही काठ मध्य प्रांतातले, नंतरच्या जुन्या मध्य प्रदेशातले, आणि राजधानी नागपूर. भाषावार प्रांतरचना झाली, भंडारा इकडे आला, बालाघाट तिकडे राहिला. (गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा निघाला तो १९९९ मध्ये.) माणसे मात्र तशीच राहिली. पोवारी, मराठी, हिंदी असे सगळे एका घरात बोलणारी, सोयरीक अलीकडे आणि शेती पलीकडे असणारी. टाळेबंदीत ही रेषा एकदम खरी झाली. राजेगावच्या सीमेवर नाके लागले.

मे २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात या सीमेवर एक मजूर येऊन पोहोचला. बालाघाट जिल्ह्यातलाच. हैदराबादेत मजुरीला गेलेला. काम बंद, पैसे संपले, गाडी नाही. बायको गरोदर, मुलगी लहान. आधी मुलीला उचलून चालून पाहिले. बायकोला चालवेना. मग वाटेत मिळालेला लाकूडफाटा जोडून त्याने चाकांची एक ठेंगणी गाडी केली, दोघींना तीवर बसवले, आणि दोरीने ओढत घराकडे निघाला. राजेगावच्या सीमेवर लांजीचे पोलिस अधिकारी नितेश भार्गव आणि त्यांच्या लोकांनी त्यांना थांबवले, खायला दिले, मुलीच्या पायात नव्या चपला घातल्या, तपासणी करून गाडीने गावी पोहोचवले. त्या गाडीचा व्हिडिओ देशभर फिरला. हजार किलोमीटरवर गोव्यात बसून मी तो पाहिला तो फोनवरच.

आता मास्तरांचा प्रश्न लावू. पेपरार आयलां? आले, नंतर आले. पण आधी फोनवर आले. आणि ते खरे होते.

त्या दिवसांत पेपराची स्थिती काय होती तेही आठवा. मार्च २०२० च्या अखेरीस मुंबईची वर्तमानपत्रे काही दिवस छापलीच गेली नाहीत. कागदावरून विषाणू घरात येतो अशी हूल उठली होती, विक्रेते अंक उचलायला तयार नव्हते. एप्रिलमध्ये महाराष्ट्र सरकारने घरोघरी पेपर टाकायलाच बंदी केली. त्यावर पत्रकारांच्या संघटना नागपूर खंडपीठात गेल्या. काही दिवसांत मुंबई-पुणे आणि प्रतिबंधित क्षेत्रे वगळून बंदी शिथिल झाली. गंमत पाहा, ज्याला आपण विश्वासाचे माध्यम म्हणतो ते एका अफवेने लंगडे झाले होते. अशा वेळी रस्त्यावर चालणारी माणसे जगाला दिसली ती बरीचशी कुणाच्या तरी खिशातल्या फोनमुळे.

पण या गोष्टीची खरी मेख पुढे आहे. ३१ मार्च २०२० रोजी स्थलांतरित मजुरांचा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे होता. सरकारची बाजू अशी की टाळेबंदी तीन महिन्यांहून जास्त चालणार या खोट्या बातमीने घबराट झाली म्हणून मजूर निघाले. न्यायालयाने ते मान्य केले आणि माध्यमांनी सरकारी माहितीचा आधार घ्यावा, तीच प्रसिद्ध करावी असे सांगितले. त्याच वर्षी सप्टेंबरात लोकसभेतही गृह राज्यमंत्र्यांचे लेखी उत्तर आले ते असेच : खोट्या बातम्यांमुळे घबराट, घबराटीमुळे स्थलांतर. आदल्याच दिवशी कामगार मंत्रालयाने त्याच सभागृहाला सांगितले होते की वाटेत किती मजूर मेले याची आकडेवारी सरकारकडे नाही. मे महिन्याच्या ८ तारखेला औरंगाबादजवळ करमाडला रुळावर झोपलेले मध्य प्रदेशचे सोळा मजूर मालगाडीखाली गेले होते. तेवढे तरी मोजलेले होते ना!

म्हणजे बघा. राजेगावच्या सीमेवर गाडी ओढत आलेला माणूस कुठल्या फॉरवर्डमुळे निघाला होता? त्याला काम नव्हते आणि जवळ पैसे नव्हते. पोट ही काही अफवा नाही. 'ऑनलाइन म्हणजे खोटे' हे वाक्य आपल्या बाकड्यावर निरागस वाटते. पण तेच वाक्य दिल्लीत पोहोचले की त्याची ढाल होते. भूक हे कारण बाजूला पडते आणि 'फेक न्यूज' हे कारण कागदावर येते. सरकारी कागदावर, छापील!

आता तुम्ही म्हणाल, गोव्याचा हा गृहस्थ फोनचा वकील झाला. थांबा. फोनचे पाढेही वाचतो.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातले राईनपाडा. मुले पळवणारी टोळी आली आहे असे संदेश आठवडाभर फिरत होते. मंगळवेढ्याकडचे पाच भिक्षेकरी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बाजारच्या दिवशी त्या गावात आले. गावाने त्यांना ठेचून मारले. पाचही. त्यानंतर त्या महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांपेक्षा जास्त पुढे ढकलता येणार नाही अशी मर्यादा घातली. पाच माणसे आणि पाच फॉरवर्ड. हा हिशेब मला अजून पचलेला नाही.

१६ एप्रिल २०२०. पालघरचे गडचिंचले. पुन्हा तीच चोरांची, मुले पळवणाऱ्यांची अफवा, आणि दोन साधू व त्यांचा चालक जमावाच्या हाती मेले. एवढ्यावर भागले नाही. दुसरी अफवा मेलेल्यांवर सुरू झाली. एका क्लिपमध्ये कुणीतरी 'ओये, बस' म्हणतो आहे, ते 'शोएब' असे ऐकवून धर्माचा रंग दिला गेला. शेवटी राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावे लागले की यात एकही मुसलमान नाही.

तेव्हा फोनवरचे ते खरे असा उलटा सिद्धांत मी मांडत नाही. राजेगावचा व्हिडिओ ज्या वाटेने माझ्याकडे आला त्याच वाटेने राईनपाड्याचे मरण गेले. वाट तीच. मग फरक कशाने पडतो? मास्तर म्हणतात कागदाने. बरे, आता कागदाचे पाढे.

आपण गोव्याची माणसे. आपल्याला तर हे शिकवायला नको. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की संघप्रदेश ठेवायचा? सकाळी 'गोमंतक' उघडावा तर विलीनीकरण ही काळाची गरज. दुपारी 'राष्ट्रमत' उघडावा तर उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र', आणि विलीनीकरण म्हणजे गोव्याचा अंत. दोन्ही पेपर मराठी. दोन्ही छापील. एकाच दिवशी दोन गोवे! निकाल लागला : संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. चौतीस हजार एकवीस मतांचा फरक. त्या दिवसांत 'पेपरार आयलां' म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला जाई, 'कोणच्या?' आमच्या आधीच्या पिढीला माध्यमाचे नाव पुरत नसे, पेपराचे नाव लागे, आणि तो कुणाच्या बाजूने बोलतो हे माहीत असे. ती पिढी भोळी नव्हती. भोळे आपण झालो.

आणि ते तरी मतांचे भांडण होते, उघड. २००९ ला महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीत जे झाले त्याला काय म्हणाल? तत्कालीन मुख्यमंत्र्यांची आरती गाणारा एकच लेख, तोच मजकूर, एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या मराठी दैनिकांत 'बातमी' म्हणून आला. पी. साईनाथ यांनी ते 'हिंदू'तून उघडे पाडले. पानेच्या पाने भरली होती आणि उमेदवाराने वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींवर दाखवलेला खर्च होता ५,३७९ रुपये. त्यांनी आरोप नाकारला, प्रकरण निवडणूक आयोगात वर्षानुवर्षे चालले, २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाची नोटीस रद्द केली, हेही सांगितले पाहिजे. पण वाचकाला पैसे घेऊन बातमी विकल्याचा प्रश्न त्याने मिटत नाही. प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोघांची समिती नेमली. त्यांनी ७१ पानांचा अहवाल दिला, नावानिशी. कौन्सिलने तो बाजूला ठेवला आणि २०१० मध्ये एक आटोपशीर अहवाल स्वीकारला. मूळ अहवाल बाहेर आला तो २०११ मध्ये, माहिती आयोगाच्या आदेशाने. आणि लोकांनी तो वाचला कुठे? इंटरनेटवर. छापील माध्यमाचे पाप छापील माध्यमाने झाकले आणि वाचकाला ते पडद्यावर दिसले. मास्तर, यावर लाल पेन कुठे चालवायचे?

अफवा तर इंटरनेटच्याही आधीच्या. २१ सप्टेंबर १९९५ ला देशभरचे गणपती दूध प्यायले. तेव्हा कुठला व्हॉट्सअॅप होता? काळ्या डबड्याचा फोन होता आणि सकाळची वेळ होती. दुपारपर्यंत देवळापुढे रांगा. अफवेला तार पुरते.

तर मग सगळेच सारखे? 'अहो, सगळेच विकलेले' असे म्हणून चहाचा घोट घ्यायचा? हा तिसरा सिद्धांत तर सगळ्यांत आळशी. आणि खोटे पसरवणाऱ्याला सगळ्यांत सोयीचा. कारण सगळेच खोटे म्हटले की खरे शोधायची जबाबदारी संपते.

कागदात एक गोष्ट खरोखर चांगली आहे. ती कुठल्याही पेपराच्या शेवटच्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत असते. कुणी वाचत नाही. मुद्रक अमुक, प्रकाशक अमुक, संपादक अमुक, छापले तमुक ठिकाणी. १८६७ च्या कायद्याने ती ओळ आली. इंग्रजांनी ती आपल्या भल्यासाठी आणली नव्हती, राजद्रोहाच्या खटल्यात कुणाला धरायचे ते कळावे म्हणून आणली होती. पण तिचा फायदा वाचकालाही झाला. खोटे छापले तर एक माणूस सापडतो. त्याचे दार ठोठावता येते, त्याला नोटीस देता येते. २०२३ मध्ये नवा कायदा झाला, मार्च २०२४ पासून लागू झाला आणि १८६७ चा गेला. पण नोंदणीचे आणि संपादकाच्या नावाचे तत्त्व राहिले.

दुसरी गोष्ट, छापलेला अंक बदलता येत नाही. १९६७ चा अंक १९६७ मध्ये काय म्हणाला ते आज पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयासारख्या ठिकाणी बसून पाहता येते. चूक चूकच राहते. पडद्यावरची चूक मात्र रात्री गुपचूप पुसली जाते. सकाळी मथळा एक, दुपारी दुसरा, संध्याकाळी बातमीच गायब. 'काल असे म्हटले होते, ते चुकले' असे कुणी म्हणत नाही. माझा ऑनलाइन बातमीवरचा खरा राग हा आहे. चुका सगळेच करतात. पण केलेली चूक झालीच नाही असे दाखवणे ही लबाडी आहे.

आणि इथे मला वर्तमानपत्रांच्या मालकांना एक प्रश्न विचारायचा आहे. संकेतस्थळावर नाव तुमचेच असते ना? तोच मथळ्याचा टाइप, तेच बोधवाक्य. मग कागदावर ज्या बातमीला उपसंपादक हात लावणार नाही ती संकेतस्थळावर 'पाहा व्हिडिओ' म्हणून कशी येते? 'व्हायरल होत आहे' हे काय बातमीचे प्रमाणपत्र झाले? गावात अफवा पसरली आहे असे सांगून तीच अफवा सांगणे, यात आणि फॉरवर्डमध्ये फरक तो काय? फॉरवर्ड करणारा निदान जाहिरातीचे पैसे घेत नाही. शंभर वर्षे कमावलेली पत तुम्ही क्लिकमागे काही पैशांना विकता आहात, आणि वर अग्रलेख लिहिता, समाजमाध्यमांच्या अविश्वासार्हतेवर!

पुन्हा राजेगावला येऊ. त्या मजुराची बातमी सगळीकडे आली तेव्हा अंतर कुठे सातशे किलोमीटर होते, कुठे आठशे. हैदराबाद ते नागपूर रस्त्याने पाचशे, पुढे गोंदिया दीडशे-पावणेदोनशे, पुढे सीमा आणखी थोडी. सातशेच्या आसपास येते. ही बेरीज करायला पाच मिनिटे लागतात. एका इंग्रजी बातमीत तर ते महाराष्ट्रात शिरले तेव्हा भार्गव यांच्या पथकाने त्यांना गाठले असे वाचायला मिळाले. लांजी आहे बालाघाटात, मध्य प्रदेशात! पोलिस अधिकारी नदी ओलांडून दुसऱ्या राज्यात पोहोचवला. मोठमोठ्या नावांच्या माध्यमांची ही गत. बातमी खरी होती, बातमीचे तपशील मात्र कुणी त्या पुलावर उभे राहून पाहिलेले नव्हते. राजेगावच्या चहावाल्याला विचारले असते तर त्याने नदी कुठली आणि काठ कुठला ते सांगितले असते.

हाच माझा मुद्दा आहे. विश्वास कागदातही नसतो आणि पडद्यातही नसतो. तो तिथे उभ्या असलेल्या माणसात असतो. कोण तिथे होता? त्याचे नाव काय? तो चुकला तर चूक कबूल करतो का? या तीन प्रश्नांची उत्तरे जिथे मिळतात ती बातमी, मग ती ताडपत्रावर का असेना.

आणि अशी तिथे उभी राहणारी माणसे कोण असतात? बालाघाटचीच गोष्ट सांगतो. संदीप कोठारी, कटंगीचे. हिंदी वर्तमानपत्रांना बातम्या देणारे गावचे पत्रकार. जून २०१५ मध्ये त्यांना पळवले. जाळलेला मृतदेह महाराष्ट्राच्या हद्दीत सापडला. बेकायदा खाणकामाविषयीची तक्रार मागे घेत नव्हते म्हणून, असे तेव्हा पोलिसांनी सांगितले. आपल्या शेजारचे राजापूर घ्या. ६ फेब्रुवारी २०२३ ला शशिकांत वारिसे यांची बातमी 'महानगरी टाइम्स'मध्ये छापून आली, आणि त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली. दुसऱ्या दिवशी ते गेले. बातमी ज्याच्याविषयी होती तोच आरोपी. पुढे जानेवारी २०२५. छत्तीसगडचे विजापूर, बालाघाटला लागून असलेल्या त्याच जंगलपट्ट्याचे दक्षिण टोक म्हणा. मुकेश चंद्राकर. यूट्यूबवर 'बस्तर जंक्शन' चालवायचे. रस्त्याच्या कंत्राटातला भ्रष्टाचार बाहेर आणला. मृतदेह एका सेप्टिक टँकमध्ये सापडला, वर नवे काँक्रीट.

आता सांगा मास्तर, यांतला कोण विश्वासार्ह? पहिले दोघे कागदावरचे म्हणून? तिसरा पडद्यावरचा, म्हणून 'फोनवरचा' एक? मारणाऱ्यांना असला भेदभाव सुचला नाही. त्यांना बरोबर कळत होते की बातमी कशामुळे खरी ठरते. आपल्याला कळत नाही.

आणि हेही ऐका. गावोगावच्या या बातमीदारांना पगार असतो का? बहुतेकांना मानधन, तेही नावापुरते. वर दिवाळीची, पंधरा ऑगस्टची, पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात आणायची सक्ती. ज्याच्याकडून जाहिरात आणायची त्याच्याविरुद्ध बातमी कशी लिहायची? आणि तरी काही जण लिहितात. कागदाची पत या माणसांनी कमावली. ती पत मालकांनी आपल्या नावावर लावून घेतली. संकेतस्थळे आली तेव्हा त्यांना वाटले, आता दिल्ली-मुंबईत दहा पोरे खुर्चीवर बसवली की काम झाले, फोनवर येईल ते उचलायचे. म्हणून नदी एका काठावरून दुसऱ्या काठावर जाते. घसरण कागदाकडून पडद्याकडे झालेली नाही. घसरण पुलावरून खुर्चीकडे झाली आहे.

सरकारने नियम करावेत का? केले. २०२१ मध्ये डिजिटल माध्यमांसाठी आचारसंहितेचे नियम आले. त्यातली काही कलमे मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगित केली. मग २०२३ मध्ये सरकारने स्वतःविषयीच्या बातम्या खऱ्या की खोट्या हे ठरवणारा स्वतःचाच विभाग काढायची तरतूद केली. म्हणजे उत्तरपत्रिका विद्यार्थ्यानेच तपासायची. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, ते बरे झाले. कारण ज्या सरकारच्या लेखी मजूर 'फेक न्यूज'मुळे निघाले, त्याच्या हाती हा शिक्का असता तर राजेगावच्या व्हिडिओवर कुठला शिक्का बसला असता, याची कल्पना करा. उलट प्रेस कौन्सिल. तिला दात नाहीत. ती फार तर ताशेरे ओढते, ताकीद देते. दंडही करू शकत नाही. आणि संकेतस्थळे तिच्या कक्षेतच नाहीत. एकीकडे नख नाही, दुसरीकडे सगळा पंजाच सरकारचा. मधली वाट वाचकांनी आणि पत्रकारांनीच काढायला हवी.

ती फार अवघड नाही. प्रत्येक संकेतस्थळाने, मग ते मोठ्या दैनिकाचे असो की तालुक्याच्या यूट्यूब वाहिनीचे, शेवटच्या पानावरची ती बारीक ओळ पडद्यावर आणावी. संपादकाचे नाव, पत्ता, तक्रार कुठे करायची ते. बातमीखाली बातमीदाराचे नाव आणि गाव. 'ऑनलाइन टीम' हे कुणाच्या आईवडलांनी ठेवलेले नाव नव्हे. चूक दुरुस्त केली तर त्याच ठिकाणी, तारखेसह, आधी काय म्हटले होते ते सांगून. आणि कागदाला जे कधीच जमले नसते ते पडद्याला जमते, म्हणून तेही करावे : निकालपत्राची बातमी तर सोबत निकालपत्र, अहवालाची बातमी तर सोबत अहवाल. वाचकाला मूळ कागद दाखवा. खोट्या क्लिपा उघड्या पाडणारी 'ऑल्ट न्यूज'सारखी मंडळीही पडद्यावरच काम करतात, आणि हेच करतात. मूळ व्हिडिओ कुठला, कधीचा, ते दाखवतात. म्हणून पटते.

आणि आपण? आपण पुढे ढकलण्याआधी थांबायचे. 'मला आलं म्हणून पाठवलं' ही सबब राईनपाड्याच्या पाच कुटुंबांना सांगून पाहा.

मास्तरांविषयी मला आदर आहे. त्यांचा 'पेपरार आयलां?' हा प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. त्यांनी तो विचारला म्हणून एक खोटे परिपत्रक आमच्या वाड्यावर अडले. पण हाच प्रश्न मे २०२० मध्ये राजेगावच्या त्या माणसाला विचारला असता, तर तो काय म्हणाला असता? गाडीची दोरी खांद्यावर, मागे दोन माणसे, तिसरे पोटात. त्याने काय पेपर दाखवायचा? तोच बातमी होता.

उद्या सकाळी बाकड्यावर जाणार आहे. मास्तरांना सांगणार आहे की लाल पेन ठेवा, पण प्रश्न थोडा बदला. पेपरार आयलां का, हे नंतर. आधी विचारू : कोण पळेतालो? कुणी पाहिले?